फ्लिप-अप लूपला नंबरची काच बसवताना सेंटर दुर्बिणीमागे घ्या

डॉक्टर, दातांच्या कामाच्या लूपमध्ये डोकं ठणकतं म्हणून प्रोग्रेसिव्ह काच (वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणारी) बसवू का, असं विचारलंत. अजिबात बसवून घेऊ नका. तुमचे आकडे आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. वय ४४, २.५ पटीचं गॅलिलियन फ्लिप-अप लूप (चष्म्याच्या काचांपुढे बिजागरीवर वर उचलता येणाऱ्या दोन छोट्या दुर्बिणी), कामाचं अंतर ४० सेंमी. उजवा डोळा मायनस २.२५. डावा मायनस ४.७५, त्यात सिलेंडर (एकाच दिशेत लागणारा जादा नंबर) मायनस ०.७५, ॲक्सिस (त्याचा कोन) ९०. जवळचा नंबर (लांबच्या नंबरात मिळवायचा) नव्यानेच लागलाय, प्लस १.२५. नव्या नंबरच्या साध्या काचा बसवल्यापासून अर्ध्या तासात डोकं ठणकतं, दाताची कड मध्येच दोन दिसते. कुडाळचे चष्मेवाले म्हणतात, प्रोग्रेसिव्ह घाला, सुटेल.

नाही सुटणार. लूपची दुर्बीण ४० सेंमीवर आधीच फोकस केलेली असते. तिथल्या दातावरून आलेला प्रकाश डोळ्याकडच्या टोकातून जवळजवळ समांतर बाहेर पडतो, म्हणजे डोळ्याच्या लेखी तो दात लांबच आहे. म्हणून दुर्बिणीमागे लांबचाच नंबर लागतो. तिथे प्लस १.२५ जास्त आला तर हिशोब असा: पटीच्या वर्गाने भागा, १.२५ भागिले ६.२५, म्हणजे ०.२ डायॉप्टर (काचेच्या नंबराचं माप, १ भागिले मीटरमधलं अंतर). ४० सेंमीचे २.५ डायॉप्टर होतात, त्यात ०.२ मिळवले की २.७, म्हणजे अंतर आलं ३७ सेंमीवर. तीन सेंटिमीटर किरकोळ वाटतात, पण ते दिवसभर मानेतून वसूल होतात. शिवाय प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर दर मिलिमीटरला बदलतो आणि बाजूला धूसर पट्टे असतात. दोन दुर्बिणींमागे तो सारखा पडेल याची खात्री नाही.

तुमचा खरा त्रास दोन डोळ्यांच्या नंबरातल्या फरकात आहे. चष्मेवाला नेहमीच्या सवयीने काचेचं ऑप्टिकल सेंटर (जिथून बघताना काच नजर वळवत नाही तो बिंदू) समोर बघताना बुबुळ येतं त्या उंचीवर ठेवतो. लूपमधून बघताना नजर त्याच्या बरीच खालून जाते. समजा ८ मिमी खालून. सेंटरपासून जितकं दूर आणि नंबर जितका मोठा, तितकी काच प्रिझमसारखी नजर वळवते. उभ्या दिशेत तुमच्या नंबरातला फरक २.५ डायॉप्टर (सिलेंडरचा ॲक्सिस ९० म्हणजे उभा, आणि ॲक्सिसच्या दिशेत सिलेंडरचा नंबर लागत नाही, म्हणून तो धरायचा नाही). २.५ गुणिले ०.८ सेंमी, म्हणजे २ प्रिझम डायॉप्टरचा उभा फरक (१ प्रिझम डायॉप्टर म्हणजे एका मीटरवर चित्र १ सेंमी सरकणं). आडव्या दिशेत डोळे एवढं सांभाळून घेतात, उभ्या दिशेत फार थोडं. डोळे ओढून दोन चित्रं एकत्र आणत राहतात आणि डोकं ठणकतं.

खात्री करायला कागदावर जाड आडवी रेघ काढा आणि ४० सेंमीवर धरा. दुर्बिणी वर उचला, पण मान कामाच्या वेळी असते तशीच ठेवून काचेच्या त्याच खालच्या भागातून बघा. आता एक डोळा झाका, मग दुसरा, आलटून पालटून. रेघ वरखाली उडी मारत असेल तर दोष काचेत. २ प्रिझमला ४० सेंमीवर ती उडी साधारण ८ मिमी भरते, डोळ्यांना सहज दिसते. रेघ जागची हलली नाही, पण दुर्बिणी खाली घेतल्यावर उडी मारू लागली, तर काचा ठीक आहेत, बिजागरीची पट्टी किंवा एखादी दुर्बीण तिरकी झालीय.

दोष काचेत निघाला तर मोजमाप दुकानात देऊ नका, तुमच्या स्टुलावर द्या. पेशंटची खुर्ची कामाच्या उंचीला आणा, लूप घाला, असिस्टंटला टेपने डोळा ते दात अंतर मोजू द्या. दुर्बीण नेहमीच्या जागी आली की तिची जागा न हलवता लूप उतरवा आणि प्रत्येक दुर्बिणीच्या मागच्या तोंडाचा मध्य काचेवर मार्करने टिंब करून घ्या. चष्मेवाल्याला सांगा: दोन्ही ऑप्टिकल सेंटर या टिंबांवर, सिंगल व्हिजन (सगळ्या काचेत एकच नंबर), फक्त लांबचा नंबर. पीडीही (दोन बुबुळांमधलं अंतर, मिमीत) त्याच टिंबांची. लांबची पीडी ६४ असेल तर ४० सेंमीसाठी ती सुमारे ६० येते. काचा आल्यावर लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) टिंबाच्या जागी नंबर, ॲक्सिस आणि प्रिझम तिन्ही तुमच्यासमोर वाचायला लावा. प्रिझम शून्य हवं.

याची किंमत एकच: आता समोर बघताना तोच उभा फरक वरच्या भागात येणार. त्यामुळे हा चष्मा खुर्चीपुरता. गाडी चालवायला वेगळा ठेवा. ट्रेमधली हत्यारं आणि फाइल ४४ व्या वर्षी साध्या काचेतून जमतील. जवळचा नंबर प्लस २ च्या आसपास गेला की बायफोकलचा विचार करा, पण तिच्या खालच्या, जवळच्या नंबराच्या खिडकीची वरची कड दुर्बिणीच्या तोंडापेक्षा २-३ मिमी खालीच हवी.

काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स (दोन्ही मजबूत प्लास्टिक) घ्या, तुकडा उडाला तरी सहसा फुटत नाही. ट्रायव्हेक्समधून चित्र जास्त स्वच्छ दिसतं, तुमच्या डाव्या नंबरला मी तीच घेईन. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग दोन्ही बाजूंनी हवंच, नाहीतर लूपवरचा हेडलाइट काचेत चमकतो. दुर्बीण आणि काच यांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट राहते का बघा. टेकली तर महिन्याभरात गोल ओरखडा उठतो. पॉलिकार्बोनेटला ॲसिटोन लावू नका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात एवढं पाळा: लूप फ्रेमच्या चामडी केसमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की भाजून पुन्हा वापरा. दुर्बिणीच्या आत एकदा बुरशीचं जाळं धरलं की ती उघडून साफ करणं कंपनीचंच काम, आणि कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग राहतोच. खाऱ्या हवेत बिजागरीचे स्क्रू गंजून अडकतात. दर महिन्याला ते सोडवून, पुसून परत लावा, आणि बदलायचे झाले तर स्टेनलेसचेच मागा.