म्युझिक व्हिडिओला नॅरेटिव्ह थिअरी (गोष्ट कशी रचली जाते याचा सिद्धांत) लावायची तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की तोदोरोव्ह एकटा पुरतो का, म्हणजे गोष्ट समतोल, बिघाड, नवा समतोल अशी जाते म्हणणारा अभ्यासक. सांगाडा कळायला पुरतो, पण मजा पुढे आहे. आ-हा बँडचा १९८५चा 'टेक ऑन मी' घ्या, स्टीव्ह बॅरनने डिरेक्ट केलेला. मुलगी कॅफेत कॉमिक वाचत बसलीय (समतोल), चित्रातल्या नायकाचा हात बाहेर येतो आणि तिला आत ओढतो (बिघाड), मग पाना घेऊन मागे लागलेले दोघं, पळापळ, आणि शेवटी तो नायक खरा माणूस बनून तिच्या घरात, म्हणजे नवा समतोल. झालं, हे कुणीही लिहील.

खरा मुद्दा जेनेट या कथाअभ्यासकाचा मेटालेप्सिस, म्हणजे गोष्टीतलं पात्र गोष्टीची चौकट ओलांडून वाचकाच्या जगात घुसतं ते. वेट्रेसला वाटतं पोरगी बिल न देता पळाली, ती वैतागून कॉमिक चुरगाळते, आणि आत असलेल्या मुलगी आणि नायकावर संकट! तिला पत्ताच नाही. प्रॉप हा अभ्यासक पात्रांना खलनायक, मदतनीस अशा ठरावीक भूमिकांत बसवतो, त्याच्या हिशेबात ती खलनायक बसत नाही आणि मदतनीस तर नाहीच, असल्या न बसणाऱ्या पात्रांवरच लिहा, मार्क तिथेच मिळतात. पेन्सिलचित्र विरुद्ध खरी माणसं हा लेव्ही-स्ट्रॉसचा विरोध (गोष्टी परस्परविरोधी जोड्यांवर उभ्या असतात, हे त्याचं म्हणणं) तर रोटोस्कोपिंगमुळे, म्हणजे खऱ्या चित्रीकरणावरून एकेक फ्रेम गिरवून काढल्यामुळे, डोळ्यांनाच दिसतो, वेगळा शोधावा लागत नाही.

आणि हो, आ-हाच्याच पुढच्या 'द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही' या व्हिडिओच्या सुरुवातीला तो नायक परत चित्र होऊन पळून जातो, म्हणजे तोदोरोव्हचा नवा समतोल तिथे मोडला, हे नक्की टाका.