शरद जोशी बदलले का? लाल बिल्ल्याबद्दल आलेले प्रश्न

प्रश्न : माह्या आबाजीच्या कोटाले अजून शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावलेला हाये. मी बी.ए. ले हाय, राज्यशास्त्र घेतलं. आबाजी म्हणते शरद जोशीसारखा माणूस पुन्हा झाला नाही. मी वाचाले घेतलं तर मले दिसलं का पहिले ते सरकारले भाव मागत होते, मंग म्हणाले सरकारनं बाजूले व्हावं. पहिले निवडणुकीपासून लांब, मंग पक्ष काढला, खासदार झाले. आणि राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विरोधात एकट्यानं मत देल्लं. जो माणूस चांदवडले हजारो बाया गोळा करते तो असं काहून करन? घरी रोज वाद होते, तुम्हीच सांगा. (एक वाचक, कळंब तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : बदलले, भाऊ. पण गुपचूप नाही, भर सभेत कारणं सांगून बदलले, म्हणून तर आज तुम्हाला त्याचा हिशेब मांडता येतो.

शेतकरी संघटना काढणारा हा माणूस मुळात शेतीतला नव्हता. १९३५ चा साताऱ्याचा जन्म, टपाल खात्यात केंद्र सरकारची मोठी नोकरी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत काम, आणि १९७७ ला ते सगळं सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः पिकवून पाहिलं, खर्च लिहून ठेवला, आणि कितीही चांगलं पिकलं तरी घाटाच येतो हे कळलं तिथून १९८० चं कांदा आंदोलन उभं राहिलं. तेव्हाची मागणी होती उत्पादन खर्चावर आधारित भाव. आणि तो मागायचा सरकारला, कारण शेतमालाचे भाव खाली दाबून ठेवतं ते सरकारच, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे आपल्या भागात कापसावरून जेवढं समजतं तेवढं दुसऱ्या कशावरून समजत नाही. १९७१ ला कायदा झाला, पुढच्या वर्षीपासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस घालायचा तो सरकारी केंद्रावरच, ग्रेडर सांगेल तो ग्रेड, चुकारे हप्त्याहप्त्यानं, केंद्राबाहेर बंड्यांची रांग, आणि पलीकडे आदिलाबादला किंवा मध्य प्रदेशात भाव चढा असला तरी माल तिकडे न्यायला बंदी. योजना आणली होती व्यापाऱ्याच्या लुटीतून वाचवायला, हे आबाजींनाही आठवत असेल, आणि हमीभावाचा आधार तिनं दिला हेही मी नाकारत नाही. संघटना पहिले याच योजनेत भाव वाढवून मागत होती. १९८५ च्या कापड धोरणात कृत्रिम धाग्याला सवलती मिळाल्या तेव्हा तसल्या कपड्यांच्या होळ्या गावागावात झाल्या, तुमच्याही गावात झाली असेल, विचारा आबाजींना. पण मागून मागून हातात काय पडतं हे पाहिल्यावर जोशी म्हणायला लागले की जो भाव पाडतो त्याच्याकडेच भाव मागत बसण्यापेक्षा त्याचा हातच बाजारातून काढा. मग राज्याची सीमा ओलांडून कापूस नेण्याची आंदोलनं झाली, आणि १९९१ नंतर देशातल्या बऱ्याच शेतकरी संघटना डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करण्याच्या मसुद्याच्या, विरोधात रस्त्यावर असताना जोशी त्याच्या बाजूनं उभे राहिले. टाळ्या मिळतील म्हणून कोणी हे करत नाही, त्या काळात तर शिव्याच मिळत होत्या.

तर भाऊ, मागणी उलटी झाली पण तक्रार तीच राहिली, की शेतकऱ्याच्या मालाची किंमत दुसराच कोणी ठरवतो. २०१२ च्या मार्चमध्ये केंद्रानं एका रात्रीत कापसाची निर्यात बंद केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसात ढिली केली, तेव्हा जोशींचं म्हणणं मला पुन्हा पटलं होतं.

पण सगळं पटत नाही. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना एवढं अनुदान देत आली की जगातला भाव त्यानं पडला, ब्राझीलनं त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत केस लढून जिंकली. अशा बाजारात आपला पाच-सात एकरवाला, पाण्याची सोय नसलेला माणूस एकटा सोडायचा आणि म्हणायचं तू आता स्वतंत्र झाला? २०२५ ला आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काही महिन्यांसाठी काढलं, म्हणजे बाहेरचा माल यायला बाजार खुला आणि आपला माल जायचा तेव्हा कधी खुला कधी बंद. माझं मत स्पष्ट आहे, सरकारचा हात काढायचा होता तर गळ्यावरचा काढायला पाहिजे होता, पाठीवरचा नाही. जोशींनी या दोन्हीतला फरक शेवटी शेवटी फार कमी केला असं मला वाटतं, आणि आबाजींना हे लागलं तरी मी हेच म्हणेन.

निवडणुकीचं थोडक्यात सांगतो. आधी राजकारणापासून दूर, मग १९९० च्या आसपास व्ही. पी. सिंगांच्या बाजूनं, १९९४ ला स्वतःचा स्वतंत्र भारत पक्ष, आणि २००४ ला भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर राज्यसभा. ऐंशीच्या दशकात जातीयवादी राजकारणावर इतकं कडक बोललेला माणूस त्यांच्याच मतांवर सभागृहात गेला, हा बदल मला आर्थिक धोरणाच्या बदलापेक्षा जड वाटतो. तिथं बाजाराचं कारण दाखवता येत होतं, इथं तसं कारण मला दिसत नाही.

महिला आरक्षणाचं खाली लिहितो, कारण त्याच विषयावर एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यांना ते स्वतः भोगावं लागलं.

प्रश्न : मी पाच वर्षं सरपंच होती. नळाचं काम केलं, शाळेची कंपाउंड वॉल केली, ग्रामसभेत बाया याला लागल्या. मग सोडत निघाली, पद खुलं झालं आणि पॅनलवाल्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. असं आरक्षण काय कामाचं? (एक माजी सरपंच, वर्धा जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्यासारख्या बायकांचं काय होणार, हाच मुद्दा ९ मार्च २०१० ला राज्यसभेत शरद जोशींचा होता. त्या दिवशी लोकसभा-विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारं विधेयक १८६ विरुद्ध १ नं पास झालं आणि तो एक म्हणजे जोशी. राखीव मतदारसंघ फिरते राहणार, म्हणजे निवडून आलेल्या बाईला त्याच जागेवरून पुन्हा उभं राहायची खात्री नाही, आणि पुढच्या वेळी आपली जागा जाणारच म्हटल्यावर मतदारसंघ कोण सांभाळेल, असा त्यांचा आक्षेप. बायकांनी राजकारणात येऊ नये असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. १९८६ ला चांदवडचं महिला अधिवेशन त्यांच्याच संघटनेनं भरवलं. बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. जळगावकडचं विटनेर आणि आपल्या यवतमाळातलं मेटीखेडा इथं पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती व्हायच्या आधी, १९८९ ला, पूर्ण बायकांच्या ग्रामपंचायती आल्या, त्या याच चळवळीतून.

तरी त्या दिवशी मी तिथं असतो तर होकाराचं बटण दाबलं असतं. आरक्षण नसतं तर, ताई, तुम्हाला पहिले पाच वर्षंसुद्धा कोणी दिली नसती, पॅनलवाल्यांनी ते आताच दाखवून दिलं. फिरती जागा चुकीची असेल तर ती दुरुस्त करायला भांडायचं, पण दारच लावून घ्यायचं नाही. ते विधेयक पुढं लोकसभेत आलंच नाही आणि २०१४ ला लोकसभेची मुदत संपली तसं बाद झालं. २०२३ च्या नव्या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला नाही तर मतदारसंघांच्या प्रत्येक फेररचनेनंतर बदलतील असं लिहिलंय, म्हणजे जोशी ज्यावर अडले होते त्यातलं थोडं तरी सुधारलं.

आता तुमच्या कामाचं. पद खुलं म्हणजे पुरुषांचं नाही. खुल्या जागेवर बाई उभी राहू शकते, कायद्यात कुठंच आडकाठी नाही. पॅनल देत नसेल तर ज्या बाया ग्रामसभेला यायला लागल्या त्यांनाच घेऊन स्वतंत्र पॅनल बांधा. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणजे गावात माजी महिला सदस्य तुम्ही एकट्या नसणार, आधी त्यांच्या घरी जा.

प्रश्न : आमचे आमदार प्रचारात एक बोलतात आणि सभागृहात काय बोलतात ते आम्हाला कळत नाही. कसं पाहायचं? (एक वाचक, अकोट तालुका)

उत्तर : सभागृहात बोललेला शब्द न् शब्द लिहून घेतला जातो. विधिमंडळाच्या वेबसाइटवर कामकाज असतं, संसदेचंही असतं, जोशींची राज्यसभेतली भाषणंसुद्धा तिथं सापडतात. आमदारानं तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं) कोणते विचारले, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) कशावर लावली, कपात सूचनेवर (खात्याच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवून मांडलेल्या हरकतीवर) काय बोलले हे काढा आणि वर्षवार लावून ठेवा. सुरुवात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापासून करा, १९५३ च्या नागपूर करारामुळं दर वर्षी एक अधिवेशन आपल्याकडे होतं आणि कापूस, संत्रा, सिंचनाचा अनुशेष हे विषय तिथंच जास्त निघतात. दोन टर्मचं असं जमलं की पुढच्या प्रचारसभेत ते कागद घेऊन उभे राहा आणि मत कुठं बदललं, काहून बदललं ते नाव घेऊन विचारा.