वाचकांचे प्रश्न : सुट्टीच्या दिवशी सायकलने शहराबाहेर

आठवडाभर शहरात सायकल वापरणारे अनेक वाचक सुट्टीच्या सकाळी शहराची हद्द ओलांडून जवळच्या गावांकडे, शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांकडे वळू लागले आहेत, आणि त्यांची पत्रे आमच्याकडे सातत्याने येत आहेत. या पत्रांत एक गोष्ट ठळकपणे दिसते ती अशी, की जाण्याची तयारी सगळेच मनापासून करतात, परंतु परत यायचे कसे याचा विचार बहुतेकांना परतीच्या वाटेवरच सुचतो. निवडक पत्रांना उत्तरे देताना हा मुद्दा आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे.

प्रश्न : मी कामावर जाण्या-येण्यासाठी रोज दहा-बारा किलोमीटर सायकल चालवते. अलीकडे मैत्रिणीबरोबर शहरापासून २५ किलोमीटरवर असलेल्या तलावापर्यंत गेले होते. जाताना अजिबात त्रास झाला नाही, उलट आम्ही फार वेगाने पोहोचलो. परतताना मात्र अर्ध्या वाटेतच पाय गळून गेले. माझा सराव कमी पडला का?

उत्तर : तुमच्या पत्रात वाऱ्याचा उल्लेख नाही, आणि बहुधा उत्तर तिथेच आहे. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि हवेचा हा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. समजा, तुम्ही ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहात आणि वारा ताशी १० किलोमीटरचा आहे. तो पाठीमागून असेल तर अंगावर येणाऱ्या हवेचा वेग १० किलोमीटर राहतो. समोरून असेल तर तो ३० होतो. म्हणजे वेग तिप्पट आणि विरोध नऊपट. पाठीमागचा वारा जाणवतही नाही, कारण आपण त्याच्याबरोबरच पुढे सरकत असतो, आणि म्हणून आज पायांत चांगलीच ताकद आहे असा समज करून घेऊन माणूस ठरवल्यापेक्षा लांब जातो. ‘फार वेगाने पोहोचलो’ हे तुमचे वाक्य वाचून आम्हाला हीच शंका आली. त्यातच सकाळी लवकर हवा बहुधा शांत असते आणि ऊन चढू लागले, जमीन तापली की वारा वाढतो, त्यामुळे तो नेमका परतीच्या वेळी भेटतो.

यावर उपाय असा, की निघताना वारा समोरून येईल आणि परतताना पाठीशी राहील अशी दिशा निवडावी. आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहताना निघण्याच्या वेळेचा वारा पाहून थांबू नये, परतीच्या तासांतला वाराही पाहावा. आणि अंदाजात ‘पश्चिमेचा वारा’ असे लिहिलेले असेल तर तो पश्चिमेकडून येणारा असतो, हे ध्यानात ठेवावे.

वेळेचा हिशेबही अनेकांचा फसतो. २५ किलोमीटर जाताना ताशी २० आणि येताना ताशी १० असा वेग पडला तर सरासरी १५ होत नाही. जायला सव्वा तास आणि यायला अडीच तास, म्हणजे पावणेचार तासांत ५० किलोमीटर, सरासरी जेमतेम १३. म्हणून अंतरापेक्षा घड्याळाकडे पाहून परत फिरावे, असे आमचे मत आहे. साडेचार तासांत घरी परतायचे असेल तर दीड तास झाल्यावर, ठरवलेले ठिकाण आले असो वा नसो, सायकल वळवावी. उरलेल्या तीन तासांत विश्रांती, खाणे आणि एखादे पंक्चरही बसते. तुमचा रोजचा सराव पाहता सुरुवातीच्या काही फेऱ्या जाऊन-येऊन ३० ते ३५ किलोमीटरच्या ठेवाव्यात आणि त्यानंतर अंतर हळूहळू वाढवावे.

प्रश्न : माझी सायकल साधी, एकाच गियरची आहे. शहराबाहेर पडल्याबरोबर लांबलचक चढ लागतो आणि तिथेच दम संपतो. गियरची सायकल घ्यावीच लागेल का?

उत्तर : त्याआधी एक सोपा उपाय करून पाहा. पुढच्या चेनव्हीलचे, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्राचे, आणि मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दाते मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४४ वेळा फिरते, आणि चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला तर सायकल सुमारे ५.१ मीटर पुढे जाते. मागचे फ्रीव्हील २२ दात्यांचे बसवले तर हेच अंतर सव्वाचार मीटरच्या खाली येते आणि चढावर पायांवरचा भार सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. सपाट रस्त्यावर पाय थोडे जास्त भरभर फिरवावे लागतील, परंतु गुडघ्यांसाठी तेही चांगलेच आहे. हे काम सायकल दुरुस्त करणारा कारागीर सहज करतो. मात्र दाते वाढल्यावर चेनला एखाद-दुसरी कडी जोडावी लागेल का, हे त्याच्याकडून तपासून घ्यावे.

आणि चढावर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा मानू नये. टूर द फ्रान्ससारख्या स्पर्धेतही सायकल चालवता चालवता गियर बदलणारी यंत्रणा वापरण्याची परवानगी १९३७ साली मिळाली. त्याआधी मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत, आणि डोंगराच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरून, चाक काढून, ते उलटे बसवून पुढे जात.

प्रश्न : तासाभरानंतर करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात आणि घरी आल्यावर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. सायकल बदलावी का?

उत्तर : सायकल बदलण्याआधी सीटची उंची बदलून पाहा. गुडघ्याची पुढची बाजू दुखणे हे बहुतेक वेळा सीट खाली असल्याचे लक्षण असते. सीट फार वर असेल तर वेदना गुडघ्याच्या मागच्या बाजूला जाणवतात. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे, आणि नंतर चवडा पायडलवर ठेवल्यावर गुडघ्यात किंचित वाक उरला पाहिजे. सीट वर घेताना दांडीवरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या बाहेर येऊ देऊ नये. उंची एकदम न बदलता एका वेळी अर्धा सेंटीमीटर बदलावी आणि एखादी फेरी मारून मगच पुढचा बदल करावा.

बोटांच्या मुंग्यांचे कारण असे, की तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूने जाणारी मज्जातंतू हँडलवर दाबली जाते. सीटचे नाक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरत राहते आणि सगळा भार हातांवर येतो, म्हणून आधी सीट समतल आहे ना ते पाहा. कोपरे ताठ न ठेवता सैल ठेवा आणि दर काही मिनिटांनी पकड बदला. इतके करूनही बोटांची बधिरता दुसऱ्या दिवशी टिकली तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

प्रश्न : वाटेत किती प्यावे आणि किती खावे?

उत्तर : साधारण हवेत तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पुरते, कडक उन्हात जास्त लागते आणि मग घामावाटे गेलेले मीठही भरून काढावे लागते. फेरी दीड तासाहून लांबणार असेल तर पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके मिळतील असे सहज पचणारे आणि ओळखीचे काही खावे. फ्रान्समधील सेंत-एतिएन या शहरात राहून लांब पल्ल्याच्या सायकलसहलींचा आणि गियरचा हिरिरीने पुरस्कार करणारे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) सांगत असत, की भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे. हा सल्ला आजही जसाच्या तसा लागू पडतो, कारण स्नायूंमधला साखरेचा साठा एकदा संपला की त्यानंतर खाल्लेले अंगी लागेपर्यंत बराच वेळ जातो आणि तो वेळ नेमका घराकडच्या रस्त्यावर काढावा लागतो. गावाकडच्या वाटेवर दुकान उघडे असेलच असे गृहीत धरू नये. परतीचे खाणे वेगळे बांधून ठेवावे आणि जाताना त्याला हात लावू नये.

प्रश्न : शहरापासून दूर पंक्चर झाले तर काय, या भीतीने मी हद्द ओलांडत नाही. ही भीती कशी घालवावी?

उत्तर : ही भीती खरी आहे आणि ती घालवण्याचा मार्ग म्हणजे घरी बसून, घाई नसताना, चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव करणे. मागचे चाक मुद्दाम निवडावे, कारण चेनमुळे तेच अवघड वाटते.

सोबत दुसरी ट्यूब, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, चाकाच्या नटाला बसणारा पाना, ठिगळांची डबी आणि आपल्या ट्यूबच्या व्हॉल्व्हला बसणारा पंप असावा. प्रेस्टा, श्रेडर आणि जुन्या पद्धतीचा डनलप असे व्हॉल्व्हचे तीन प्रकार प्रचलित आहेत, आणि पंप एका प्रकारचा नि ट्यूब दुसऱ्या प्रकारची ही गोष्ट रस्त्यात कळली तर सगळी तयारी फुकट जाते. रस्त्यावर ठिगळ लावत बसण्यापेक्षा ट्यूब सरळ बदलावी आणि जुनी घरी नेऊन दुरुस्त करावी, असे आम्ही सुचवू.

नवी ट्यूब घालण्याआधी एक काम कधीही टाळू नये, ते म्हणजे पंक्चरचे कारण शोधणे. टायर बसवतानाच त्याच्यावरचे नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असे बसवण्याची सवय लावा. मग जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळ फिरवली, छिद्र सापडले, की ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरमध्ये नेमकी कुठे शोधाशोध करायची हे कळते. त्या जागी टायरच्या आतून कापड फिरवा. काट्याचे किंवा तारेचे टोक असेल तर कापड अडकते आणि बोटही वाचते. हा काटा तसाच राहिला तर दुसरी ट्यूबही काही मिनिटांत पंक्चर होईल आणि मग हाती काहीच उरणार नाही. शेजारी शेजारी दोन छिद्रे दिसली तर काटा शोधत बसू नये. टायरमध्ये हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले आणि ट्यूब रिमवर चिमटली गेली, असा त्याचा अर्थ आहे. निघण्याआधी टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत हवा भरली तर हे दुसऱ्या प्रकारचे पंक्चर बहुधा टळते.

ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा भरावी म्हणजे तिला पीळ पडत नाही. टायर व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने बसवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवावा, आणि शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून बघावा, म्हणजे टायरच्या कडेखाली ट्यूब अडकली असेल तर ती सुटते. घरी ठिगळ लावताना सोल्युशनची चकाकी जाईपर्यंत थांबावे. बहुतेक ठिगळे सुटतात ती ओल्या सोल्युशनवर घाईने दाबल्यामुळेच.

जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर तयार केले, तेव्हा असे टायर रिमला घट्ट चिकटवलेले असत आणि पंक्चर काढणे हे तासन्‌तासांचे काम होते. मिशेलिन बंधूंनी सहज निघणारे टायर तयार केले आणि १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ यांनी त्याच टायरांवर जिंकली. आज हेच काम सराव असलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत उरकतो, हे लक्षात घेतले तर शहराची हद्द ओलांडायला हरकत नाही.

प्रश्न : आम्हा दोघांना बारा वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचे आहे. शहराबाहेरच्या रहदारीची आणि गावातल्या कुत्र्यांची काळजी वाटते.

उत्तर : अशा सहलीतला सर्वांत धोक्याचा भाग गावाकडचा नसतो. शहर संपते तिथले काही किलोमीटर, जिथे अवजड वाहने वेगात असतात आणि रस्त्याची कडा तुटलेली असते, तेच जपून पार करायचे असतात. शक्य असल्यास तेवढा पट्टा सायकली वाहनात घालून ओलांडावा आणि शांत रस्त्यावर सायकलवर बसावे. ते जमत नसेल तर उजाडल्याबरोबर निघावे; मात्र अंधारात नको, आणि पुढे पांढरा, मागे लाल दिवा दिवसाही चालू असावा. दोघांपैकी एकाने पुढे, एकाने मागे आणि मुलीने मध्ये असे एका ओळीत चालावे, आणि वेग तिच्या पायांनी ठरवावा. तिचे हेल्मेट कपाळावर आडवे बसले आहे ना आणि ब्रेकची दांडी तिच्या बोटांच्या आवाक्यात आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. मोठ्यांच्या मापाचे ब्रेक मुलांना पूर्ण दाबता येत नाहीत आणि ही गोष्ट पहिल्या उतारावरच उघडी पडते.

कुत्रा धावून आला तर त्याच्याशी शर्यत लावू नये, कारण पळणाऱ्या चाकामागे लागणे हा त्याचा स्वभाव आहे आणि घाबरून वेग वाढवताना मूल पडण्याचा धोका चावण्याच्या धोक्याहून मोठा असतो. तिघांनीही थांबून खाली उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी, त्याच्याकडे पाठ न करता शांत, ठाम आवाजात बोलावे आणि चालतच त्याच्या हद्दीबाहेर पडावे. हे सगळे मुलीला आधी घरी समजावून, अंगणात किंवा मोकळ्या मैदानात दोन-तीनदा करून दाखवावे, म्हणजे रस्त्यात ओरडून सांगण्याची वेळ येणार नाही. गुरांचा कळप समोर आला तर रस्त्याच्या कडेला उभे राहावे, घंटी वाजवू नये, आणि शेवटचे जनावर पुढे गेल्यावरच पायडलवर पाय ठेवावा.