फोन शेवटी तुझ्याकडे येतो

(पत्र थोडक्यात) आपा, मी २७ वर्षांची, श्रीवर्धनजवळच्या गावात सासरी राहते. मिस्टर कुवेतला असतात, दोन वर्षांनी सुट्टीवर येतात. इशाची (रात्रीची) नमाज झाली की मी गच्चीवर फेऱ्या मारत मनातल्या मनात गोष्टी रचते. मुंबईत दोन खोल्या, ते, मी, आमच्या गप्पा. दीड-दोन तास कसे जातात कळत नाही. नमाजमध्येही तेच सुरू होतं, रकाती, म्हणजे नमाजची आवर्तनं, मोजताना चुकतात. रोज रात्री त्यांचा फोन येतो. अम्मींशी, नणंदेशी बोलून झालं की शेवटी माझ्याकडे येतो. सगळे चांगले आहेत, तक्रार नाही. हा वसवसाच, सैतानाची कुजबुज. हा गुनाह आहे का? एखादा वजीफा, पढायचा जप, सांगा.

पोरी, गुनाहचं आधी उरकून टाकू. मनात आलेलं जोवर बोलून किंवा करून दाखवलं नाही, तोवर ते उम्मतीला, म्हणजे सगळ्या मुसलमानांना, माफ आहे. पैगंबरांची ही हदीस 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आणि तू तर लग्नाच्या नवऱ्याचीच स्वप्नं बघतेस! रकातींचं म्हणशील तर आपण कोकणातले शाफई मजहबचे. तीन की चार असा घोळ झाला तर तीन धर, चौथी पढ, सलामच्या आधी सहवचे, म्हणजे चुकीच्या भरपाईचे, दोन सजदे कर. दुसरे खलिफा हजरत उमर नमाजमध्ये मनातल्या मनात फौजेची तयारी करायचे, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

आता ते वाक्य. 'शेवटी माझ्याकडे.' तीन पानी पत्रात एवढंसं. शेवटी म्हणजे किती गं? 'जेवलीस?' 'हो.' 'तब्येत?' 'बरी.' बाजूला सासू सुपारी कातरत बसलेली. उरलेलं बोलणं तू गच्चीवर जाऊन पुरं करतेस, दोघांची वाक्यं एकटीच बोलतेस. याला वसवसा कसला म्हणतेस?

याच हजरत उमरांची रिवायत आहे. मदिन्यात रात्रीची गस्त घालताना एका घरातून बाईचा आवाज आला. नवरा मोहिमेवर, आणि ती त्याच्या आठवणीत शेर म्हणत होती. खलिफांनी तिला तौबा करायला सांगितलं नाही. लेकीकडे, हजरत हफ्सांकडे गेले आणि विचारलं, बाई नवऱ्यावाचून किती काळ काढू शकते? उत्तर आलं चार महिने. काही रिवायतींत सहा. मग फौजेलाच हुकूम गेला की याहून जास्त कुणाला घरापासून लांब ठेवायचं नाही. तुझा माणूस दोन वर्षांनी येतो, आणि वजीफा तू मागतेस!

सगळे चांगले आहेत म्हणतेस. असतील. मला त्यांच्याशी काही कर्तव्य नाही.

कुवेतला शुक्रवारी सुट्टी असते. आपल्याकडे साडेदहा म्हणजे तिथे आठ. या शुक्रवारी गच्चीवर जाताना फोन घेऊन जा आणि तूच लाव. हालहवाल विचारत बसू नको. आदल्या रात्री गोष्ट जिथे थांबली होती तिथून सांगायला लाग, त्या दोन खोल्यांतल्या पडद्यांच्या रंगासकट. तो गप्प होईल, लाजेलही. तू फोन ठेवू नको.