राजाराम बंधारा कोल्हापूरला पुरापासून वाचवतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दर पावसाळ्यात बातम्यांत 'राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४२ फूट' असं सांगतात. बंधारा एवढा महत्त्वाचा आहे तर तो पूर अडवत का नाही? आणि अडवत नसेल तर पाडून नदी मोकळी का करत नाहीत?

अडवत नाही, आणि पाडला तरी पुरात फारसा फरक पडणार नाही. तरीही पुराच्या दिवसांत कोल्हापुरात या बंधाऱ्यावरच्या आकड्याकडे बघून जितकी माणसं आणि जनावरं हलतात, तितकी दुसऱ्या कशाकडे बघून हलत नसतील. मी कसबा बावड्याचा. आमचं मळीचं रान नदीला लागून आहे, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांदेखतचं आहे.

आधी बंधारा म्हणजे नेमकं काय ते बघू. धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंत आणि मागे तलाव येतो. इथे तसलं काही नाही. बावडा आणि वडणगे यांच्या मधल्या पात्रात दगडी खांबांची रांग आहे आणि वरून जेमतेम एक गाडी जाईल असा रस्ता. बांधकाम राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतलं, म्हणजे १९२२ ते १९४० या काळातलं. खांबांना उभ्या खाचा आहेत. पाऊस सरला की त्या खाचांत एकावर एक बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, सरकवायचे, पाणी तुंबवायचं आणि उन्हाळाभर उसाला उपसायचं. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी लावून मधल्या जागेत चिकणमाती ठासून भरत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बरगे आले. ते गळतात आणि चोरीलाही जातात, हा वेगळाच विषय. पुढे महाराष्ट्रभर झालेल्या या जातीच्या बंधाऱ्यांना सरकारी कागदांत 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. लोक मात्र सरळ 'केटी वेअर' म्हणून मोकळे होतात.

मृग निघायच्या आधी हे बरगे काढून ठेवायचे असतात. म्हणजे पूर येतो तेव्हा बंधारा सताड उघडा असतो. दारं नाहीत, बटण नाही, कुणी 'बंद करा' म्हटलं तर बंद करायला काही नाही. आणि मुद्दाम बरगे ठेवले तर? गाळ्यांत ओंडके, उसाचा पाला आणि पंचगंगेतली ती प्रसिद्ध जलपर्णी अडकते, पाण्याला वाट उरत नाही. मग ते खांबांना बाजूला ठेवून काठ कापत सुटतं. बंधारा जागेवर उभा आणि नदी शेजारच्या शेतातून, असा प्रकार होतो. त्यामुळे बरगे वेळेत काढणं एवढंच या बंधाऱ्याचं पूरनियंत्रण म्हणायचं तर म्हणा. २०२५ साली मॉन्सून मेच्या शेवटच्या आठवड्यातच राज्यात उतरला. असं होत राहिलं तर 'मृगाच्या आधी' हे जुनं वेळापत्रक पुरणार नाही, हे माझं मत.

आता अडवण्याचं गणित मांडू. मोठ्या पुरात नदीतून ५० हजार क्युसेक पाणी चाललंय असं समजा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे चोवीस तासांत साधारण ४.३ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी निघून गेलं. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणात सगळं मिळून ८.३६ टीएमसी मावतं, म्हणजे रिकामं राधानगरी दोन दिवसांत भरेल एवढं. बंधाऱ्यामागे, ढोबळ अंदाजाने का होईना, एक दशांश टीएमसी मावतं असं धरलं, तरी तेवढ्या पाण्याला पुराचा अर्धा तास पुरेसा आहे. त्यानंतर ते वरून वाहणारच. पूर अडवायचा तर धरणाचं पोट पावसात रिकामं असावं लागतं, आणि बंधाऱ्याला पोटच नाही.

राधानगरीचंही थोडं सांगायला हवं, कारण लोकांचा राग तिकडे वळतो. शाहू महाराजांनी सुरू केलेलं आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालेलं हे धरण. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि एकेका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक बाहेर पडतं. तिथे कुणी साहेब बसून 'आता सोडा' म्हणत नाही. 'रात्री गुपचूप पाणी सोडलं' ही अफवा दरवर्षी फिरते, तेव्हा एवढं लक्षात असू द्या. तुळशी, कुंभी, कासारी ही धरणं तर राधानगरीहून बरीच लहान. शिवाय धरणांच्या खाली आणि बाजूला जो पाऊस पडतो, त्याला अडवणारं काहीच नाही. गगनबावडा धो धो कोसळत असेल तर धरणात जागा शिल्लक असूनही नदी चढते.

पाडण्याबद्दल. पाणी कमी असताना खांब थोडा अडथळा करतात, हे खरं. पण पूर चढतो तसा अख्खा बंधारा पाण्याखाली जातो आणि खालच्या अंगालाही पाणी तेवढंच चढलेलं असतं. अशा बुडालेल्या बांधकामामुळे वरच्या पातळीत पडणारा फरक किरकोळ असतो. पंचगंगा उतरत नाही याची कारणं बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आहेत. एक तर नदीला उतार कमी. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच दुथडी भरलेली असेल तर आमच्या पाण्याला रांगेत थांबावं लागतं. त्यात शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव आणि पूरक्षेत्रातली बांधकामं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी हा महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. इतके जुने दगडी खांब फोडण्यापेक्षा भरावाखाली कमानी द्या, ही मागणी मला जास्त पटते. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा विषय मुद्दाम काढत नाही, तो काढला की मूळ प्रश्न वाहून जातो.

मग बंधाऱ्याचा उपयोग काय? त्याच्यावरची पातळी मोजायची पट्टी. पंचगंगेची पातळी इथे फूट-इंचांत मोजतात आणि पुराच्या दिवसांत ती तासातासाला जाहीर होते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. इशारा पातळी जवळ आली की प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतली जनावरं आधी निघतात, शहरात सुतारवाड्यातली कुटुंबं सामान बांधू लागतात. अनेक वर्षं एकाच ठिकाणी मोजल्यामुळे कुठल्या आकड्याला कुठल्या गल्लीत पाणी येतं, हे लोकांना अनुभवाने ठाऊक आहे. 'अमुक साली आमच्या दुसऱ्या पायरीला लागलं तेव्हा बंधाऱ्यावर इतकं होतं' असा हिशोब घराघरांत असतो. पूर कुठवर येतो हे दाखवणाऱ्या सरकारच्या निळ्या आणि लाल पूररेषा त्यानंतर येतात.

एक बारीक गोष्ट, बाहेरगावच्या लोकांचा इथे हमखास घोळ होतो. बातमीत ५५.७ लिहिलेलं असतं, ते ५५ फूट ७ इंच. दशांश नव्हे. २०१९ ला नदी तिथवर गेली होती, आणि २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. त्यामुळे ४२.९ नंतर ४३ येत नाही, आधी ४२.१० आणि ४२.११ येतं. ४२.९ वरून ४२.१० झालं म्हणजे पाणी उतरलं असं समजून कुणी निश्चिंत होऊ नये.

दुसरी अडचण आकड्याचीच. तो नदीचा आहे, नाल्याचा नाही. शहरातून जयंती नाला वाहतो आणि पंचगंगेला मिळतो. नदी चढली की नाल्याचं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते उलटं शहरात पसरतं. व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीची कुंभार गल्ली नदीपासून लांब असूनही बुडतात ती अशी. कुंभार गल्लीत तर तेव्हा गणपतींचं काम ऐन भरात असतं. पाणी शिरायला लागलं की अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती माळ्यावर, ट्रकमध्ये, नातेवाइकांच्या घरी, मिळेल तिथे हलवायची पळापळ होते. रंग वाळेपर्यंत थांबायला वेळ नसतो.

तुम्ही लिहिलंय की तुमची मावशी दुधाळी भागात राहते आणि तुम्ही पुण्यातून आकडा बघत बसता. तर नुसता आकडा बघू नका, तासाला किती इंच चढतोय ते बघा. २०२१ ला पाणी झपाट्याने चढलं होतं, विचार करायला सवड मिळाली नाही. सोबत गगनबावडा आणि राधानगरीचा पाऊस बघा. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळीही बघा. तिथे इशारा ४० आणि धोका ४५ फुटांवर आहे. कृष्णाही फुगलेली असेल तर कोल्हापूरचं पाणी लवकर ओसरणार नाही, असं धरून चाला. ३९ फूट झाले आणि चढ सुरूच असेल तर मावशींना कागदपत्रं आणि औषधं घेऊन उंचावरच्या नातेवाइकांकडे जायला सांगा. ४३ ची वाट बघू नका, तोवर रिक्षा मिळत नाही. आणि जाताना प्यायचं पाणी भरून घ्या म्हणावं, कारण पुरात नदीकाठची उपसा केंद्रं बुडतात आणि नळाला पाणी येईलच असं नसतं. २०१९ ला सगळ्या शहराने हे भोगलंय.