पद्मिनीचा रंग नंतर ठरवा, आधी फायरवॉलवरचा नंबर बघा

ताई, "पेंटर सध्या रिकामा आहे, लगेच सुरू करतो म्हणतोय" हे तुमचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. 2017 च्या दिवाळीत अगदी हेच वाक्य मी घरी बोललो होतो. त्याची किंमत पुढे सांगतोच.

तुमचा प्रश्न रंगाचा आहे: वडिलांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी मूळच्या हस्तिदंती रंगातच ठेवावी की गडद निळी करावी. वरच्या सगळ्यांनी रंगावर हिरिरीने मतं दिली आहेत, फोटोही टाकलेत. पण तुमच्या पोस्टच्या शेवटी एक ओळ आहे, "आरसी 2014 ला संपली आहे, बाबांच्याच नावावर आहे, कागदांचं नंतर बघू." माझं सगळं उत्तर त्या एका ओळीला आहे. रंगाचं शेवटी बघतो.

आधीच सांगून ठेवतो. मी वकील नाही, एजंट नाही, आरटीओत माझं कोणी नातेवाईक नाही. एक 1979 ची पद्मिनी रस्त्यावर आणताना जे भोगलं तेवढंच माझं ज्ञान. नियम बदलत असतात, शुल्क तर नक्कीच बदलतं. तुमच्या कार्यालयात विचारून खात्री करा.

ऑइल, बॅटरी, ब्रेकचे रबर, टाकी धुणं यात मी पडत नाही. इंजिन हाताने फिरतंय म्हणजे तुम्ही अर्धी लढाई जिंकलात, बाकी मेकॅनिक करेल. वारस म्हणून गाडी नावावर करायला फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, भावंडांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, हेही तुम्हाला कोणीही सांगेल. मला बोलायचंय ते चासी नंबराबद्दल, म्हणजे गाडीची ओळख म्हणून तिच्यावर ठोकलेल्या नंबराबद्दल.

पद्मिनी मोनोकॉक आहे. मूळची फियाट 1100, तिचं 1953 चं मॉडेलच तसं होतं. जीपला किंवा ट्रकला खाली जशी वेगळी चासी असते तशी हिला नाही, सगळी बॉडीच चासी. त्यामुळे नंबर जाडजूड लोखंडी पट्टीवर नसतो. बॉनेट उघडलं की समोर जो पत्रा दिसतो, इंजिन आणि केबिनच्या मधला, ती फायरवॉल. नंबर त्या पत्र्यावर ठोकलेला. जवळच रिव्हेट मारलेली कंपनीची पट्टी. आता विचार करा, गंज कुठे धरतो? काचेच्या कडेतून झिरपलेलं पाणी याच पत्र्यावर उतरतं. आणि पेंटर "एकदम चकाचक करून देतो" म्हणतो तेव्हा ग्राइंडर घेऊन पहिला कुठे जातो? तिथेच.

माझ्या गाडीचं हेच झालं. कारागीर वाईट नव्हता हो, उलट त्याच्या हाताचं डेंटिंग आजही लोक थांबून बघतात. त्याने गंज घासला, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली, प्राइमर मारला, वर तीन हात रंग. कंपनीची पट्टी "डुगडुगत होती म्हणून" काढून ठेवली, आणि ती भंगारासोबत कधी गेली ते त्यालाही कळलं नाही. मी शनिवार-रविवार जाऊन कौतुकाने फोटो काढत होतो. आज तेच फोटो बघतो तेव्हा एका फोटोत ग्राइंडर फायरवॉलवर टेकलेला स्पष्ट दिसतो. फोटो मीच काढलाय आणि खाली "प्रगती!" असंही मीच लिहिलंय.

आरसीची मुदत जून 2019 मध्ये संपत होती. गाडी नवीकोरी दिसत होती, मी तर छाती काढून पासिंगला नेली. इन्स्पेक्टरने बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च मारला, बोट फिरवलं. "नंबर कुठाय?" मी दाखवलेल्या जागी गुळगुळीत हस्तिदंती रंग. नखाने खरवडलं तर खाली लांबी. लांबी काढली तर काही आकडे दिसले, शेवटचे दोन गायब. पेन्सिल प्रिंट घ्यायची कशाची? (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी घासतात, आकडे उमटतात, ते आरसीशी ताडून बघतात. एवढंच. पण एवढ्यावरच गाडी तुमची आहे की कोणाची चोरलेली, हे ठरतं.)

इथून पुढचे एकोणीस महिने मी त्या कार्यालयाला दिले. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, माणसं बदलली आहेत. चूक माझी होती हे मी पहिल्याच दिवशी मान्य केलं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. त्यांना "नाही" म्हणता येत होतं, "मग काय करायचं" हे कोणी सांगत नव्हतं. एका खिडकीवर म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, आरटीओचं पत्र आणा, त्याशिवाय आम्ही का देऊ. परत आलो तर साहेब रजेवर. पुढच्या खेपेला साहेब म्हणाले, "कंपनीचं पत्र आणा, मूळ नंबर हाच होता म्हणून." मी म्हटलं, साहेब, पद्मिनी बनणं बंद होऊन वीस वर्षं होत आली, कुर्ल्यात आता कोणाचं दार वाजवू? ते म्हणाले, "ते तुम्ही बघा." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आरसीची मुदत संपलेली, म्हणून गाडी रस्त्यावर चालवायची सोय नाही. प्रत्येक खेपेला टोइंग. एकदा तपासणीला नेली तर त्या दिवशी तपासणीच नव्हती. मध्येच मार्च 2020 चा लॉकडाऊन आला. गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली, वर चिंचेचा पाला. बायको म्हणाली, "एवढ्या पैशात नवी वॅगन आर आली असती." हिशोब तिचा बरोबर होता, म्हणून मी गप्प बसलो.

सुटलो कसा, तेही सांगतो, कारण कोणाला तरी उपयोग होईल. त्या कार्यालयात बदली होऊन एक मॅडम आल्या. त्यांनी फाइल पूर्ण वाचली, जे आधी कोणीच केलं नव्हतं, आणि एकच प्रश्न विचारला: "या गाडीची जुनी पेन्सिल प्रिंट कुठे असू शकेल? विमा कधी खंडित झाला होता का?" गाडी मूळची माझ्या मामांची. मामांना फोन लावला. 1996 मध्ये विमा भरायचा राहिला होता, नव्याने घेताना विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला आला होता आणि त्याने प्रिंट घेतली होती. मामा कुठलाही कागद फेकत नाहीत. जुन्या रेशनकार्डाच्या आणि शाळेच्या दाखल्यांच्या ट्रंकेत ती प्रत सापडली. पिवळी पडलेली, पण सगळे आकडे स्वच्छ.

त्यानंतर चक्रं फिरली. गाडी चोरीच्या नोंदीत नाही याचा दाखला काढला (एनसीआरबी, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या संकेतस्थळावर निघतो). मग पोलिसांमार्फत तज्ज्ञांनी त्या पत्र्यावर आम्ल लावून घासलेले आकडे वाचले. ही गोष्ट मला फार भारी वाटली. आकडा ठोकताना पत्रा फक्त वरवर खचत नाही, खालपर्यंत दाबला जातो. वरून घासून सपाट केला तरी दाबलेला भाग आम्लाला वेगळी दाद देतो आणि आकडा भुतासारखा वर येतो. माझे दोन्ही आकडे आले. मग परवानगी घेऊन नंबर पुन्हा ठोकला, फेब्रुवारी 2021 मध्ये नूतनीकरण झालं. तेव्हा कारचं नूतनीकरण शुल्क 600 रुपये होतं. त्या 600 च्या पावतीपर्यंत पोचायला मला किती खर्च आला ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

तर ताई, पेंटरला उद्याच फोन करून थांबवा. रिकामा आहे तर राहू दे रिकामा. बॉनेट उघडा, रॉकेलच्या फडक्याने फायरवॉल हलक्या हाताने पुसा, ग्राइंडर, पॉलिश पेपर काही नाही. नंबराच्या दहा-बारा पेन्सिल प्रिंट घ्या. दिवसाउजेडी फोटो काढा, जवळून आणि लांबून, म्हणजे जागा कुठली ते कळेल. इंजिन ब्लॉकवरच्या नंबराचंही तसंच करा. पट्टी असेल तर तिचा फोटो, आणि ती काढू देऊ नका. मग हे सगळं आरसीशी ताडून बघा. एखादा आकडा जुळत नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं. 1980 च्या दशकातल्या हस्तलिखित आरसीत 3 चा 8 झालेला मी स्वतः पाहिलाय.

आणखी एक. तुमचा नंबर एमएच सुरू होण्याआधीचा, तीन अक्षरी आहे. अशा बऱ्याच गाड्या "वाहन" या सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढलेल्याच नसतात. ऑनलाइन अर्ज भरायला गेलात की "नोंद सापडत नाही" असं येईल. घाबरू नका, बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते, मूळ आरसी बुक दाखवून. ते बुक लॅमिनेट करू नका. कोणी कितीही सांगितलं तरी.

उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो आणि शुल्क 2022 च्या एप्रिलपासून 600 चं 5000 झालं, नंतर 20 वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढवलं. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. म्हणून "नंतर बघू" महाग पडतं. इथे मी जरा आगाऊ बोलतोय, पण पत्र्यावरचा खर्च निम्मा करा आणि ते पैसे कागदांसाठी बाजूला काढा.

वर दोघांनी "व्हिंटेज नंबर घ्या, कटकट संपली" असं लिहिलंय. माफ करा, पण ही चुकीची माहिती आहे. 2021 च्या नियमांनुसार "व्हीए" अक्षरांची ती मालिका 50 वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी आहे. 1984 ची गाडी 2034 पर्यंत त्यात बसत नाही. शिवाय त्या नंबरावर रोज भाजी आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढंच. नोंदणी शुल्क 20,000 रुपये.

आणि ज्यांनी 118 एनईचं (प्रीमियरचीच नंतरची गाडी) इंजिन टाकायचा सल्ला दिलाय त्यांना हात जोडून नमस्कार. ते निसानचं 1171 सीसी, तुमचं 1089 सीसी. बदललंत तर आरसीवर नोंद, म्हणजे पुन्हा तीच खिडकी. चालवायला ते इंजिन छान आहे, नाकारत नाही. पण याच 1089 सीसीच्या फियाटी लोकांनी चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळवल्यात. तुमच्या सांगलीच्या रस्त्याला ते पुरे. मुंबईच्या भंगारातल्या टॅक्सीचं इंजिन स्वस्तात मिळतं म्हणून घ्याल तर बिलाशिवाय घेऊ नका. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे सुटे भाग अजून बाजारात फिरतायत, पण कुठल्या गाडीतून आले हे सांगणारे थोडे. दरवाजे, काचा, दिवे बिनधास्त घ्या. नंबर ठोकलेली वस्तू नको.

जाता जाता: पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, जुन्या दिसल्या नाहीत तरी. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर ते सोसत नाही. माझी नळी कार्बोरेटरपाशी फुटली होती, नशीब की इंजिन थंड होतं.

आता रंग. रंगही आरसीवर लिहिलेला असतो, बदललात की नोंद करावी लागते. तुमचा विषय आधीच वारस, बॅकलॉग, नूतनीकरण असा तीन मजली आहे, त्यावर चौथा मजला चढवू नका. हस्तिदंतीच ठेवा. शिवाय वडिलांनी तो निवडला होता असं तुम्हीच लिहिलंय.

प्रिंट घेतल्यावर फोटो इथे टाका, बघून सांगतो. फक्त शेवटचे चार आकडे झाका.