ट्रकच्या ब्रीदर पाईपमधून ऑईल टपकतं, पाईपला बूच मारलं तर चालेल का?

बूच अजिबात मारू नका. तुमची बीएस-३ (जुन्या प्रदूषण नियमांची) दहाचाकी लातूरच्या मोंढ्यात उभी राहिली की खाली डाग पडतो, अडतवाले ओरडतात, एक मिस्त्री बूच मारा म्हणतो आणि दुसरा थेट हाफ इंजिन (रिंगा-लायनर बदलायचं मोठं काम) करायला सांगतोय. मी जालन्यात जड गाड्यांचंच काम करतो. माझ्या मते दोघांचंही लगेच ऐकू नका.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या ऑईलच्या भागात, उतरतोच. तो ऑईलची वाफ आणि बारीक तुषार घेऊन ब्रीदरमधून बाहेर पडतो, पाईपात थंड होतो आणि टपकतो. त्यात पाणीही असतं, कारण एक लिटर डिझेल जळताना साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन तयार होतं आणि त्यातला थोडा वाटा खाली येतो. थंडीत, जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या ऑईल कॅपखाली पांढरट साय दिसते ती याचीच. कूलंट कमी होत नसेल तर तिला घाबरू नका.

ही वाट बंद केली की दाब दुसरीकडून निघतो. मागचं क्रँक सील ऑईल सोडतं आणि क्लच प्लेट भिजते, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतं, टर्बोचं ऑईल खाली उतरेना झालं की ते सायलेन्सरकडे जातं. डाग वाचवायच्या नादात गिअरबॉक्स उतरवायची पाळी येते.

आधी फुकटातलं बघा. गाडी सपाट जागेवर लावून, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. ऑईल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदर ओकतो. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून ओतणारे ड्रायव्हर आपल्याकडे कमी नाहीत. मग ब्रीदरची जाळी काढून डिझेलमध्ये धुवा आणि हवा मारून वाळवा.

आता बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे चेंबरमध्ये उतरलेल्या गॅसचा दाब. इंजिन गरम असताना आयडलवर ऑईल कॅप उलटी करून तोंडावर नुसती ठेवा. थरथरली तर ठीक, उडून पडली तर दाब जास्त आहे. ही झाली ढोबळ परीक्षा. नीट मोजायचं तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून अर्धी पाण्याने भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवा, ब्रीदर मोकळा ठेवा आणि रेस देऊन दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक लिहून ठेवा. मर्यादा तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस बुकात मिळेल. पण दर महिन्याला त्याच रेसवर मोजलेले आकडे वाढत चाललेत का, हे जास्त सांगून जातं.

आकडा जास्त आला तरी रिंगांवर शिक्का मारायची घाई नको. ब्रेकचा एअर कंप्रेसर झिजला की तोही चेंबरमध्येच हवा सोडतो. हवेची टाकी भरून अनलोडर (टाकी भरली की कंप्रेसरचा भार काढणारा व्हॉल्व्ह) फुस्स करून सुटल्यावर ब्रीदरचा धूर कमी होत असेल, किंवा टाकीच्या ड्रेनमधून ऑईल येत असेल, तर संशय कंप्रेसरवर घ्या. हाफ इंजिनपेक्षा ते कितीतरी स्वस्तात निघतं. टर्बोचं सीलही तपासून घ्या.

आणि रिंगाच गेल्या असतील तर का गेल्या ते शोधा, नाहीतर नव्याही तशाच जातील. आपल्याकडे बहुतेक वेळा उत्तर धूळ हेच असतं. उसाच्या फडातली कच्ची वाट, खडी क्रशर, उन्हाळ्यातला फुफाटा. एअर फिल्टर ते टर्बोपर्यंतचा रबरी पाईप काढा, आतून स्वच्छ बोट फिरवा. बोटाला माती लागली तर क्लिप ढिली आहे, पाईप चिरलाय किंवा फिल्टर फाटलाय. फिल्टर जवळून जोरात हवा मारून साफ करायची सवय मोडा, कागद त्यानेच फाटतो. आतला छोटा फिल्टर तर साफ करायचा नसतोच, बदलायचा असतो.

डागाचं काम मात्र सोपं आहे. पाच लिटरचा जाड कॅन चेसिसला पट्टीने बांधा. झाकणाला दोन भोकं पाडा: एकात ब्रीदरचा होज, दुसरं हवा सुटायला, आणि तेही होजएवढंच मोठं. आत स्टीलची घासणी टाकली तर तुषार अडतात. होजचा व्यास मूळ पाईपापेक्षा बारीक नको, आणि तो सरळ उतरत यायला हवा. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचून वाट तुंबते. सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब ठेवा, आग लागू शकते. तोंड रेडिएटरच्या पुढेही नको. तेलकट जाळीवर धूळ बसली की बेचाळीस डिग्रीत गाडी तापणारच. कॅन आठवड्याला रिकामा करा. ते ऑईल परत इंजिनात ओतू नका, गटारातही नको. जळक्या ऑईलच्या ड्रममध्ये जाऊ द्या.

कोणी होज एअर फिल्टरच्या पाईपात जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा. झिजलेल्या इंजिनात ते ऑईल इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीत) साठतं, आणि कधी इंजिन स्वतःच्याच ऑईलवर पळत सुटतं. मग चावी बंद करूनही थांबत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या मूळ जोडणीला हात लावायचा नाही.